भिंत बोलते, पण सगळे सांगते का?

आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी सोहळा असतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन उभा राहतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निर्वाण झाले ती ही वेळ. त्या क्षणी एरवी गर्दीत बुडून जाणारे आवाज कानावर येतात. पताकेची फडफड ऐकू येते, दूर कुठेतरी एखादे मूल रडत असते तेही ऐकू येते. मोठा आवाज थांबला की लहान आवाज ऐकू येतो, ही गोष्ट तिथे उभ्या असलेल्या कोणालाही पुस्तकाशिवाय कळते.

अशा शांततेत एखाद्या जुन्या दगडी भिंतीला कान लावला तर भिंतीच्या आत काय चालले आहे ते ऐकू येईल का? कानाला येणार नाही. उपकरणाला येईल, असे मात्र गेल्या काही वर्षांत वारंवार लिहिले जात आहे. ‘इमारतीचा स्टेथोस्कोप’, ‘भिंतीची नाडी सांगणारे यंत्र’ अशा मथळ्यांचे लेख आम्ही पाहिले. विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रदर्शनांतही ही कल्पना दिसू लागली आहे. कल्पना चांगली आहे आणि तिच्यामागचे विज्ञान पक्के आहे. परंतु जे सांगितले जाते त्यातील किती खरे, किती अर्धवट आणि आपल्या वऱ्हाडातल्या भिंतींना त्यातले किती लागू पडते, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रश्न यंत्राच्या कौतुकाचा नाही. ज्या भिंतींखाली मुले बसतात त्यांच्याबद्दल आपण कशावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न आहे.

ठोकून पाहण्याची विद्या आपल्याकडे नवीन नाही. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटतो. खणखणीत वाजली तर वीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची. गिलाव्यावर हातोडीची मूठ मारून तो कुठे सुटला आहे हे त्याला सांगता येते. गुरुकुंजात तर हे समजावून सांगायलाच नको. खंजिरीचे कातडे सर्दावले की ती बद्द होते आणि शेकून घेतली की पुन्हा बोलू लागते, हे तिथे भजनाला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पदार्थाची अवस्था बदलली की त्यातून जाणारा ध्वनी बदलतो, हे तत्त्व या सर्व उदाहरणांत एकच आहे.

आमची पहिली तक्रार आपल्या पाठ्यपुस्तकी ध्वनीबद्दल आहे. ध्वनीच्या धड्यात प्रतिध्वनी येतो, सोनार येते, सोनोग्राफी येते. या सर्वांत ध्वनी आपण पाठवतो आणि परत आलेला ऐकतो. वस्तू स्वतःहून आवाज करते आणि तो आवाज तिच्या मोडण्याची बातमी असतो, ही दुसरी बाजू धड्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे लोकप्रिय लेखनात या दोन पद्धतींची सरमिसळ होते आणि लिहिणाऱ्याच्याही ते ध्यानात येत नाही. एकीत आपण भिंतीला प्रश्न विचारतो. दुसरीत भिंत आपणहून काही म्हणते का, याची वाट पाहत बसतो. दोन्हींचे गुण वेगळे आणि दोषही वेगळे.

आधी प्रश्न विचारण्याची पद्धत पाहू. साठ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीवर एका बाजूने छोटी हातोडी मारली आणि दुसऱ्या बाजूला बसवलेल्या संवेदकाने तो धक्का ०.३ मिलिसेकंदाने टिपला, तर वेग झाला सेकंदाला २००० मीटर. हातभर अंतरावर तोच धक्का पोहोचायला ०.५ मिलिसेकंद लागले तर वेग १२०० मीटर. ध्वनीला तिथे पोकळी टाळून वळसा घ्यावा लागला, किंवा आतला चुना सुटून मोकळा झाला आहे. हे गणित नववीचा विद्यार्थी करू शकतो. वर्षावर्षाने त्याच बिंदूंवर तीच मोजणी केली आणि वेग घसरत गेला, तर भिंत आतून सैल होत आहे असे म्हणायला आधार मिळतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेने दगडी धरणांच्या तपासणीसाठी ध्वनितरंगांचा उपयोग केला आहे. धरणाचे पोट फोडून पाहता येत नाही, तेव्हा ही पद्धत तिथे शोभतेच.

पण इथे एक चूक फार होते. काँक्रीटसाठी श्राव्यातीत ध्वनीच्या वेगाचे भारतीय मानक १९९२ साली निघाले. त्यात सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वरचा वेग चांगला आणि तीनच्या खालचा संशयास्पद, अशी प्रतवारी होती. २०१८ साली त्याची जागा नव्या मानकाने घेतली, पण तेही काँक्रीटचेच आहे. ती प्रतवारी दगड-चुन्याच्या भिंतीला लावली, तर उत्तम स्थितीतली जुनी भिंतही नापास होईल, कारण प्रत्येक सांध्यापाशी ध्वनी मंदावतो. शिवाय काँक्रीटसाठी वापरतात ते उपकरण साधारण ५४,००० हर्ट्झवर चालते. वेग २००० मीटर धरला तर तरंगलांबी चार सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. फूट-फूटभर दगडांच्या, वेड्यावाकड्या सांध्यांच्या भिंतीत एवढा बारीक तरंग विखुरतो आणि पलीकडे पोहोचतच नाही. हातोडीचा धक्का पोहोचतो, कारण त्याची कंप्रता हजार-दोन हजार हर्ट्झ असते. परंतु त्याची तरंगलांबी मीटर-दोन मीटर होते, म्हणून तळहाताएवढी पोकळी त्याला दिसत नाही. बारीक पाहायचे तर दूरवर पोहोचत नाही आणि दूरवर पोहोचायचे तर बारीक दिसत नाही. या अडचणीतून कोणतेही महाग उपकरण सुटका करून देत नाही. लेखांत मात्र ती कुठे सापडत नाही.

आता वाट पाहण्याची पद्धत. हिला ध्वनिउत्सर्जनाची पद्धत म्हणू. बांबू मोडण्यापूर्वी करकरतो. जुन्या माळवदाच्या घरात तुळई रात्री कडकडली की म्हातारी माणसे दचकून वर पाहत. दगडात किंवा चुन्यात केसाएवढी चीर पुढे सरकते तेव्हाही असाच एक सूक्ष्म धक्का सुटतो. पण त्याची कंप्रता पन्नास हजारांपासून काही लाख हर्ट्झपर्यंत असते आणि आपला कान वीस हजारांपुढे बहिरा आहे. दाबविद्युत स्फटिकाचा संवेदक भिंतीला चिकटवला की हे धक्के विजेच्या स्पंदात उतरतात व मोजता येतात. मौनाची गरज इथे नाही, कारण भजन, माणसे आणि रस्त्यावरची वाहने यांचा बहुतेक आवाज त्या पट्ट्याच्या पुष्कळ खाली राहतो.

या शास्त्राचा पाया म्युनिकमध्ये योसेफ कायझर यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात घातला. त्यांना आढळले की धातूवर भार वाढवला तर आवाज सुटतात. भार काढून पुन्हा चढवला, तर पूर्वीचा सर्वाधिक भार ओलांडेपर्यंत पदार्थ गप्प राहतो. जणू त्याला आपला मागचा भार आठवतो. शाळेत हे शेवयांनी दाखवता येते. वाळक्या शेवयांची जुडी दोन विटांवर आडवी ठेवा, मधोमध दोरीने डबा टांगा, त्यात एकेक मूठ वाळू घाला आणि जवळ मोबाइल ठेवून आवाज नोंदवा. काही शेवया मोडतील. डबा रिकामा करून पुन्हा भरा; पहिल्याएवढी वाळू होईपर्यंत जुडी जवळजवळ गप्प असते, पुढे पुन्हा कट्‌ कट्‌ सुरू होते. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा सर्वांत बोलके ठरले ते डबा न वाढवता तसाच टांगून ठेवणे. भार तोच असूनही मधूनच एखादी शेवई मोडत होती.

तोच भार, आणि तरीही मोडणे! जुन्या दगड-विटांच्या इमारतींचे खरे दुखणे इथे आहे. इटलीतल्या पाविया शहराचा नागरी मनोरा मध्ययुगात बांधलेला, त्यावर सोळाव्या शतकात जड घंटाघर चढवलेले. १७ मार्च १९८९ रोजी सकाळी तो कोसळला आणि चार माणसे गेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हते. मिलानच्या लुइजा बिंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिगाऱ्यातले बांधकाम तपासले. भिंत सुमारे २.८ मीटर जाड, पण बाहेरून विटांचे पातळ कवच आणि आत गोटे, विटांचे तुकडे व चुना यांचे भरण. शतकानुशतके स्वतःच्याच वजनाखाली हे भरण हळूहळू चिरत गेले होते. एकदम मोडण्यास लागणाऱ्या भारापेक्षा पुष्कळ कमी भारही पुरेसा काळ राहिला तर बांधकाम मोडू शकते, हे त्यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले.

दोन कवचे आणि मध्ये भरण, हे वर्णन महाराष्ट्राला परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील अशाच जाड दगडी भिंती कोसळल्या. आतले-बाहेरचे थर वेगळे रचलेले, मध्ये मातीत टाकलेली दगडांची भर, आणि दोन्ही थरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुधा नाहीच. भिंती जाड होत्या म्हणून लोकांना त्या भक्कम वाटत. पावियात जे शतकांनी घडले ते तिथे काही सेकंदांत घडले. दोषाची जात मात्र एकच.

पावियानंतर इटलीत जुन्या मनोऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तुरिनच्या तंत्रविद्यापीठातील अल्बेर्तो कार्पिन्तेरी व त्यांच्या गटाने आल्बा गावातील मध्ययुगीन मनोऱ्यांवर आणि २०१० साली बोलोन्याच्या ९७ मीटर उंच आसिनेल्ली मनोऱ्यावर ध्वनिउत्सर्जनाचे संवेदक बसवले. त्यांची रीत समजायला सोपी आहे. काळाबरोबर एकूण कट्‌कटींची संख्या कशी वाढते ते पाहायचे. दर आठवड्याला वाढ कमी कमी होत असेल तर चीर थांबत आली आहे. वाढ सारखीच राहिली तर चीर सरकत आहे. आणि आठवड्याला चाळीस, मग साठ, मग शंभर अशी चढती असेल तर धावपळ करण्याची वेळ आली. भूकंपशास्त्रज्ञ लहान-मोठ्या धक्क्यांचे प्रमाण पाहतात, तसे इथेही लहान आवाजांच्या तुलनेत मोठे आवाज वाढू लागले तर बारीक चिरा एकत्र येऊन मोठी भेग होत आहे, असे अनुमान करतात. हे सारे आम्हाला पटते. कोयनेच्या परिसरातले धक्के आणि भिंतीतली कट्‌कट यांचे गणित एकाच घराण्यातले आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

आता ‘स्टेथोस्कोप’ या उपमेकडे वळू. ती दिशाभूल करते. हृदय सतत वाजते. ते गप्प झाले तर माणूस गेला. भिंतीचे उलट आहे. निरोगी भिंत गप्प असते. पण गप्प असण्याला आणखी तीन कारणे असू शकतात. संवेदक नीट चिकटलेला नसेल. तो भिंतीला न चिकटता सुटलेल्या गिलाव्याला चिकटला असेल. किंवा चीर त्याच्या टप्प्याबाहेर असेल. पहिल्या दोहोंवर उपाय आहे आणि तो फारच सुंदर आहे. खटक्याच्या पेन्सिलीचे अर्ध्या मिलिमीटरचे शिसे संवेदकाजवळ भिंतीवर टेकवून मोडायचे. त्या मोडण्याचा धक्का ठरावीक जातीचा असतो, तो उपकरणाने टिपला पाहिजे. जगभर संवेदकांची परीक्षा अशीच घेतात. तिसऱ्या कारणावर सोपा उपाय नाही. दगडी भिंतीत इतक्या उच्च कंप्रतेचा ध्वनी मीटर-दोन मीटरांत विरून जातो, सांधे सुटलेले असतील तर त्याहूनही लवकर. म्हणजे भिंत जिथे सर्वांत आजारी, तिथेच संवेदकाला सर्वांत कमी ऐकू येते. ‘आठ संवेदक लावून किल्ल्याची तपासणी’ अशी बातमी वाचली की आठ ठिकाणच्या आसपासची तपासणी एवढाच अर्थ घ्यावा.

कट्‌कटींचा आकडाही निरपेक्ष नाही. किती लहान स्पंद मोजायचा याची सीमारेषा आपण ठरवतो. ती खाली घेतली की आकडा वाढतो. दोन ठिकाणचे, दोन उपकरणांचे आकडे शेजारी ठेवून कोणती भिंत अधिक धोक्यात आहे हे सांगता येत नाही. आणि संवेदक बसवण्यापूर्वी जे मोडून गेले ते तर कधीच ऐकू येणार नाही. नव्वद टक्के शेवया आधीच मोडलेली जुडीसुद्धा, भार न वाढवल्यास, काही काळ गप्पच राहते.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर ऋतूंचा हिशेब आणखी निराळा आहे. वैशाखात अमरावती-अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात तापलेला काळा दगड रात्री निवतो, आणि जुन्या भेगेच्या दोन कडा रोज एकमेकींवर घासतात. त्या घासण्याचाही ध्वनी सुटतो. त्यात नवे मोडणे काहीच नसते. पाऊस भिंतीवर आपटतो त्याचेही स्पंद उमटतात. म्हणून तपमानाची नोंद बरोबर नसलेले आणि एक पूर्ण वर्ष न भरलेले ध्वनिमापन आम्ही पुरावा मानणार नाही. उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या नोंदीवरून ‘चिरा वाढत आहेत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे मे महिन्यात विहिरी मोजून भूजल संपले म्हणण्यासारखे आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या भिंती बहुतांशी ज्या कारणांनी जातात ती कारणे आवाज करत नाहीत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगाळते. तिच्यावर उथळ पायाची भिंत वर्षातून एकदा उचलली जाते आणि एकदा बसते. मातीचा दर्जा पावसाने धुऊन निघतो, पांढऱ्या मातीच्या गढीचा पायथा ओलीने मऊ होतो. यात कट्‌ असा आवाज शेवटी होतो, तोवर फार उशीर झालेला असतो. पुराचे पाणी दगडी पुलाच्या पायाखालचे खरवडून नेते तेव्हा वरच्या कमानीला चिकटवलेला संवेदक काय ऐकणार? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात ब्रिटिश काळातला दगडी पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या. ‘ध्वनीने अशा दुर्घटना टळतील’ असे सर्रास लिहिणाऱ्यांनी हा फरक वाचकाला सांगायला हवा होता.

जाता जाता एक सावधगिरी. ज्या कार्पिन्तेरींच्या मनोऱ्यांवरील कामाचा आम्ही आदराने उल्लेख केला, त्यांनीच पुढे दगड चिरडताना न्यूट्रॉन बाहेर पडतात असा दावा केला. इतर शास्त्रज्ञांना तो मान्य झाला नाही, इटलीत त्यावरून मोठा वाद झाला आणि २०१५ साली एका संशोधनपत्रिकेने त्या विषयावरील अनेक लेख मागे घेतले. त्यामुळे मनोऱ्यांतली कट्‌कट खोटी ठरत नाही. आणि मनोऱ्यांच्या कामामुळे न्यूट्रॉन खरे ठरत नाहीत. वरच्या वर्गांत ‘कोण म्हणाले’ आणि ‘कशावरून म्हणाले’ यांतला भेद शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

मग ही पद्धत कुठे वापरावी? जिथे भार मोठा, भिंत जाड, आत शिरता येत नाही, आणि पैसा व माणसे दोन्ही वर्षानुवर्षे देता येतात, तिथे. प्रवरेवरचे १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण दगडी आहे. १९६९ मध्ये त्याला तडे दिसले आणि पुढे ते मजबूत करावे लागले. अशा बांधकामांवर कायमचे कान ठेवणे योग्यच. अचलपूरचा हौज कटोरा, बाळापूरची छत्री, गाविलगड-नरनाळ्याचे दरवाजे यांच्या निवडक जागी वर्ष-दोन वर्षे संवेदक ठेवून पाहण्यासारखे आहे, मात्र वर सांगितलेल्या अटींवर.

शाळेच्या खोलीसाठी मात्र ही पद्धत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर शहराजवळ निंबोडीला पावसात जिल्हा परिषद शाळेची खोली कोसळून तीन विद्यार्थी दगावले. अशी घटना घडली की तपासणीचे आदेश निघतात, कोणीतरी येऊन एकदा पाहून जाते, कागद भरला जातो. एका दिवसाच्या पाहणीत भेग दिसते. ती चालते आहे की थांबली आहे हे दिसत नाही. आमची खरी तक्रार इथे आहे. दीर्घकालीन नुकसान मोजायला दीर्घकाळ तिथे असणारे कोणीतरी लागते, आणि शाळेत तसा माणूस एकच असतो. त्याला संवेदकाच्या बातम्या पुरवण्याऐवजी मोजण्याची रीत कोणी सांगितलेली नाही.

रीत अशी. गिलावा खरवडून भेगेच्या दोन्ही बाजूंची मूळ वीट किंवा दगड मोकळा करावा. त्यावर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने बसवावी आणि शेजारी तारीख लिहावी. भेग हलली तर काच तडकते. तिच्या जवळच भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन खिळे ठोकून त्यांच्यामधले अंतर सरकमापीने मोजावे. मोजणी वर्षातून दोनदा: एकदा मृगापूर्वी, माती पुरती आकसलेली असताना, आणि एकदा पोळ्यानंतर, ती फुगलेली असताना. यंदाच्या मृगाची तुलना यंदाच्या पोळ्याशी करू नये. ती मागच्या मृगाशी करावी. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारी आणि दरवर्षी त्याच आकड्यावर परत येणारी भेग मातीची आहे. तिला पाणी पायापासून दूर नेणारा नीट उतार हवा. दर मृगाला आधीच्या मृगापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर अधिक उघडणारी, कमानीच्या माथ्यावरची किंवा तुळईच्या टेकूखालची भेग निराळी. भिंतीचे पोट फुगले आहे का हे ओळंबा सोडून पाहावे, तोही दरवर्षी त्याच खुणेवरून. भिंत ओळंब्यातून सुटत असेल किंवा मृगाचे आकडे वाढते असतील, तर वर्ग त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवावा आणि तारखांसह आकडे लेखी कळवावेत.